मिठाच्या खाणीतलं संगीत

पिन आत गेली. बोटाला जरा जास्त जोर लावावा लागला, एवढंच. लगेच पेटीच्या आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि मागच्या जाळीतून धुराची बारीकशी रेघ वर निघाली.

तिने वायर हिसकून काढली. हातातला अ‍ॅडॉप्टर काळा, गुळगुळीत होता. त्यावर लाल पट्टी नव्हती. लाल पट्टीचा अ‍ॅडॉप्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तपासणीच्या यंत्राशेजारी वेटोळं घालून पडला होता.

रविवार असल्यामुळे कानांच्या तपासणीचं केंद्र बंद होतं आणि तिथल्या आवाजबंद खोलीत ती एकटीच होती. आठवडाभर ती याच खोलीत लोकांना बसवायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि काचेपलीकडून सांगायची, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असू दे. आज खुर्चीच्या जागी दादाचा जुना संगणक होता, त्याचे पिवळट पडलेले स्पीकर होते, समोर दोन मायक्रोफोन, आणि शेजारी पेटी.

पेटी हे नाव दादानेच ठेवलेलं. करड्या रंगाचा, पसरट, लोखंडी डबा आणि त्याला पुढे एक चिमुकला उजळणारा पडदा. दोघांच्या लहानपणीच्या, संगणकावरच्या साहसखेळांच्या डिस्कवर संगीत नसायचंच, नुसत्या सूचना असायच्या. इथे बासरी, हा सूर, एवढा वेळ. बासरी खरी वाजायची ती या पेटीत. आजचे संगणक तिची नक्कल करतात, बरीच हुबेहूब करतात, पण दादा ती नक्कल ऐकताना गार झालेला चहा प्यायल्यासारखा चेहरा करायचा.

म्हणून दोघा भावंडांनी हे काम अंगावर घेतलं होतं. मूळ खेळ मूळ पेटीवर चालवायचा आणि त्यातली एकेक धून रेकॉर्ड करून ठेवायची. जगभर विखुरलेली थोडी हौशी माणसं हेच करत होती आणि सगळ्यांचं काम एका ठिकाणी जमा होत होतं. बाकीची माणसं आवाज थेट तारेतून घ्यायची. ती तारेतून तर घ्यायचीच, शिवाय मायक्रोफोन लावून स्पीकरमधूनही घ्यायची. तारेतला आवाज स्वच्छ असतो, पण तो तसा कधी कोणी ऐकलेलाच नसतो, असं तिचं म्हणणं. आपण लहानपणी ऐकला तो खोलीतल्या हवेतून आलेला. यावर दादा म्हणायचा, “आणि त्या हवेत तुझी बडबडही असायची.”

आता एकच खेळ उरला होता. मिठाच्या खाणीत कधीकाळी बांधलेलं, बंद पडलेलं नाट्यगृह आणि ते शोधत खाली खाली उतरणारी एक दिवेवाली. खेळ फारसा खपला नव्हता. शेवटी नाट्यगृहाचा पडदा उघडतो तेव्हा वाजणारी धून कोणाकडेच नव्हती, कारण तेवढ्या धुनेसाठी संगीतकाराने पेटीत स्वतःचं नवंच वाद्य घडवलं होतं. काच आणि बासरी यांच्या मधलं काहीतरी. नक्कल करणाऱ्या संगणकावर त्या जागी नुसती खरखर ऐकू येते.

“लाल पट्टीवालाच लावायचा,” दादाने पेटी देताना सांगितलं होतं. खोक्यात भरताना सांगितलं, जिन्यात सांगितलं, ती गाडीत बसल्यावर काच खाली करायला लावून पुन्हा सांगितलं. “तुझ्याकडच्या यंत्राची पिन अशीच असते. ती हिच्यात बसेल. पण लावू नकोस.”

मघाशी यंत्रांची गुणगुण मायक्रोफोनमध्ये यायला लागली म्हणून तिने सगळ्याच वायरी काढून टाकल्या होत्या. परत लावताना ती दादाची नक्कल करत होती. नाकात बोलत, मान डोलवत, लाल पट्टीवालाच बरं का ठकू, असं म्हणत तिने न बघता हात पुढे केला होता.

तिने आता लाल पट्टीवाला अ‍ॅडॉप्टर लावला. पडदा उजळला नाही. थोडं थांबून पुन्हा लावला, पेटी कानाजवळ नेऊन हलवली, बटण दाबून धरलं. मग दार सताड उघडून वास जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. निघण्याआधी तिने पेटी फडक्याने पुसली. जाळीभोवती काळसर डाग दिसत होता, तो थुंकी लावून पुसला. पुसताना आपण काय करतोय ते तिला कळत होतं आणि तिचा हात थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खोका घेऊन दादाकडे गेली ती सांगायचं ठरवूनच. जिना चढताना वाक्य तोंडात तयार होतं.

दार दादानेच उघडलं. वर्तमानपत्र बंद पडलं आणि त्याची पानं लावायची नोकरी गेली, तेव्हापासून बेल वाजली तरी तो मागच्या खोलीतून उठायचा नाही. वहिनीने जेवायला दोनदा हाक मारली की यायचा, जेवायचा, परत जायचा. आज त्याने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता.

“उघडला का गं पडदा?”

“थोडं राहिलंय.”

“मग पेटी का आणलीस?”

“केंद्रात रंगकाम निघालंय. उगाच धूळ नको म्हटलं.”

रंगकाम कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

“शहाणी आहेस,” दादा म्हणाला. काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसा त्याने खोका दोन्ही हातांनी आत नेला.

वहिनी शिलाई मशीनवरून उठली. ती घरीच लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची. “बस गं, चहा टाकते.”

“नको वहिनी, गाडी भलत्याच जागी लावून आलेय.”

गाडी व्यवस्थित लावलेली होती. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिली.

मग एके दिवशी दुपारी, दोन पेशंटच्या मध्ये, दादाचा फोन आला. दादा कधी फोन करायचा नाही.

“ठकू, कामात आहेस?”

“बोल ना.”

“माझ्याकडून जरा घोळ झालाय. पेटी गेली बहुतेक. काल फळीवर ठेवायला उचलली आणि कडेला लागली. फार नाही गं, एवढीशीच. मला वाटलं, काही झालं नसेल. आज लावतो तर पडदाच येत नाही.”

काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. तिने तिकडे पाठ केली.

“असं कसं झालं?” तिने विचारलं.

विचारून झाल्यावर तिने हातातला हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

“हातात पूर्वीसारखी पकड राहिली नाही,” दादा म्हणाला. “तुझं काम अडलं माझ्यामुळे. एवढी एकच धून राहिली होती. रागावलीस?”

“नाही रे. जुनीच तर होती.”

“जुनी होती म्हणूनच जपायला हवी होती.”

पुढचा पेशंट म्हणजे एक आजोबा होते, कडक इस्त्रीचे, ताठ बसणारे. तपासणी सुरू झाली आणि आवाज सोडण्याआधीच ते बटण दाबू लागले. असे लोक बरेच असतात. एरवी ती हसत म्हणायची, आजोबा, खोटं दाबलेलं मला इथे लगेच दिसतं हं. आज ती, बटण दाबलं की तिच्यासमोर लागणाऱ्या दिव्याकडे नुसती बघत राहिली. तिने काहीच सोडलं नव्हतं आणि दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता.

“बरोबर येतंय ना?” आजोबांनी काचेतून विचारलं. “बाहेर मुलगा बसलाय. त्याचं म्हणणं, मला ऐकू येत नाही.”

“मी पहिल्यापासून घेते,” ती म्हणाली. “माझंच जरा चुकलं.”

त्यानंतर दादा वारंवार फोन करू लागला. बोलणं प्रत्येक वेळी माफीने सुरू व्हायचं आणि मग कुठला भाग गेला असेल, कोण दुरुस्त करू शकेल यावर यायचं. ती ‘हं, हं’ करत राहायची. तशी पेटी कुठे विकत मिळते का ते तिने गुपचूप पाहिलं. ज्यांच्याकडे होत्या ते विकायला तयार नव्हते आणि जे तयार होते त्यांच्या बंद पडलेल्या होत्या. दादाचं नाव फोनवर उमटलं की ती आधी खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा तिने फोन वाजू दिला. वाजायचा थांबल्यावर दादाचा निरोप आला, ‘कामात असशील. सावकाश कर. रागावू नकोस.’

त्या संध्याकाळी ती केंद्रातून थेट त्याच्याकडे गेली.

दार वहिनीने उघडलं. दादा घरात नव्हता.

“कुठे गेलाय?”

“पेटी घेऊन गेलाय. पार दुसऱ्या टोकाला कोणी जुने रेडिओ दुरुस्त करणारा आहे म्हणे. सकाळी गेला, दोन बस बदलून.” वहिनी परत आपल्या जागी बसली आणि एका कोटाच्या अस्तराचे टाके उसवू लागली. “ये, बस.”

ती बसली नाही. “वहिनी, मला दादाला काहीतरी सांगायचंय.”

“पेटीचं?”

तिने मान वर केली. वहिनी टाक्यांकडेच बघत होती.

“खोका मीच उघडला होता,” वहिनी म्हणाली. “तू दिलास त्याच संध्याकाळी. तो आंघोळीला गेला होता. म्हटलं, फळीवर ठेवायच्या आधी पुसून ठेवावी. झाकण उघडलं आणि भपकन वास आला. माझं मशीन जळालं होतं ना मागे, अगदी तसाच.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तुझी वाट बघत होते. म्हटलं, आज नाही तर उद्या सांगेल. तेवढ्यात या शहाण्याने ती आपटली.” तिच्या ओठांच्या कडेला हसू येऊन गेलं, पण टिकलं नाही. “आपटली कसली, नुसती टेकली. पडदा येत नाही हे कळलं त्या संध्याकाळी जेवला नाही तो. समोर ताट घेऊन बसला होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. पण नाही बोलले.”

“का?”

वहिनीने उसवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला.

“दुसऱ्या दिवशी लवकर उठला म्हणून. आंघोळ करून बसला आणि फोन करायला लागला. त्याच्या जुन्या छापखान्यातला तो जाड्या आहे ना, नोकरी गेल्यापासून त्याच्याशी बोलला नव्हता, त्याला केला. जाड्याने आणखी कोणाचा नंबर दिला. मग त्याला केला. परवा मला म्हणतो, शर्टाचं बटण लावून दे, बाहेर जायचंय. किती दिवसांनी म्हणाला असेल?” तिने कोट मांडीवरून बाजूला ठेवला. “आता तू सांगशील. तुला मोकळं वाटेल. तो म्हणेल, बरं झालं, माझ्या हातून नाही गेली. आणि जाऊन बसेल त्या खोलीत.”

“म्हणजे सांगू नको?”

“ते तू ठरव. मी सांगणार नाही, एवढं माझं.” मग कोट पुन्हा मांडीवर ओढत ती म्हणाली, “आणि मला तुझा राग आलाय. तो जाईल, पण आज नाही जायचा. चहा मात्र घेऊन जा.”

चहा अर्धा झाला होता तेव्हा दादा आला. चेहरा उन्हाने रापला होता, बगलेत खोका. तिला बघून तो दारातच क्षणभर थांबला, मग वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला.

“काय म्हणाला?” वहिनीने विचारलं.

“होईल म्हणाला. एक भाग मागवावा लागेल. बाकी आतलं सगळं शाबूत आहे.”

“आपटल्यामुळेच गेली का?”

नाडीची गाठ बसली होती. दादा ती नखाने सोडवत राहिला.

“अशा वस्तू कशानेही जातात,” तो म्हणाला. “ठकू, तू कधी आलीस?”

“आत्ताच.”

ती आणखी काही बोलेल म्हणून वहिनी कपाकडे बघत राहिली. तिने उरलेला चहा संपवला. दादाने खोका उघडून पेटीतला काळा पडलेला कोपरा दाखवला नाही, तिनेही पाहायला मागितला नाही. निघताना तो जिन्यापर्यंत सोडायला आला. त्याने नेहमीसारखं काही बजावलं नाही.

भाग यायला बरेच दिवस लागले. दादाचे फोन चालूच होते, पण आता त्यात माफी नसायची. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात किती जुने रेडिओ आहेत, त्याने दादाला तारांना कथलाचा डाग द्यायला कसं शिकवलं, पहिल्याच दिवशी बोट कसं पोळलं, आठवड्यातून दोन दिवस येऊन बसा असं तो कसं म्हणाला. तिला वाटलं, माफीचं विसरला असेल. हलकं वाटायला हवं होतं. फोन ठेवल्यावर मात्र ती उगाच टेबलावरच्या वायरी उचलून सारख्या करत बसायची. केंद्रातल्या प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर तिने आता नावं चिकटवली होती. मदतनीस बाई म्हणाल्या, “मॅडम, एवढं काय, आम्हाला कळतात की.”

“मला कळत नाहीत,” ती म्हणाली.

पेटी दुरुस्त झाली तेव्हा दादाने तिला रविवारी घरी बोलावलं. केंद्रात नको म्हणाला, इथेच करू. मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, गादी उभी करून दाराला टेकवली, पंखा बंद केला, फ्रीजची वायर काढली. वहिनी कोट पोचवायला बाहेर गेली. जाताना म्हणाली, “फ्रीज परत लावा म्हणजे झालं. दोघांचा काही भरवसा नाही.” हे तिने दोघांकडे बघून म्हटलं आणि ठकूच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

सकाळी तारेतून घेऊन झालं. मग तिने मायक्रोफोन उभे केले, तोंडं स्पीकरकडे वळवली. दादा संगणकासमोर बसला, ती त्याच्या मागे स्टुलावर, मांडीवर रेकॉर्डर घेऊन. पेटीचा चिमुकला पडदा उजळला आणि त्यावर खेळाने पाठवलेली अक्षरं सरकत आली, ‘बसून घ्या.’

“लहानपणी तू उभीच असायचीस इथे,” दादा म्हणाला. “मग सुरू?”

तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्यानंतर कोणी बोलायचं नव्हतं.

दिवेवाली मिठाच्या जिन्यावरून उतरू लागली. खाली नाट्यगृहाच्या रिकाम्या खुर्च्या, समोर विरलेला पडदा. तिने दिवा खाली ठेवला आणि पडदा सरकू लागला. आधी एकच सूर आला, इतका हलका की ठकूने रेकॉर्डरवरच्या आकड्यांकडे बघून खात्री केली. मग त्याच्यात दुसरा मिसळला. खेळभर तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली सगळी धून आता सलग येत होती, ओल्या काचेवर बोट फिरवावं तशी. दादाचे खांदे हळूहळू खाली आले. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेत हे तिने आजच पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण नाक ओढलं तर ते रेकॉर्ड होईल म्हणून ती तोंडाने श्वास घेत बसली.

शेवटचा सूर विरत गेला. संगणकाचा पडदा काळा झाला. आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबायचं असतं. काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसत होते, त्याचा पुढे, तिचा मागे.

“दुरुस्तीवाल्याने मला पहिल्याच दिवशी तो भाग दाखवला होता,” दादा काचेत बघत हळू आवाजात म्हणाला. “आपटून असं होत नाही म्हणाला. भलता अ‍ॅडॉप्टर लावला तरच होतं.”

रेकॉर्डरवरचे आकडे त्याच्या आवाजाबरोबर वर उडाले आणि खाली आले. लाल दिवा चालू होता. तिने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि काचेतल्या त्याच्या चेहऱ्याकडे बघून होकाराची मान हलवली.

त्याने ते काचेत पाहिलं. खुर्ची न वळवता त्याने कीबोर्ड जवळ ओढला.

“घ्या,” तो म्हणाला, “मी मध्येच बोललो. वाया गेली माझ्यामुळे. पुन्हा घेऊ.”

आणि त्याने दिवेवालीला नेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं.